रुसलेलं कार्ड

समजा, तुमची सहल वसईच्या किल्ल्यावर गेली. बुरूज झाले, पडक्या चर्चच्या कमानी झाल्या, भरपूर फोटो निघाले. घरी येऊन कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड संगणकाला लावलं, तर संगणक म्हणतो, "हे कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल. करू का?" आणि त्याच कार्डावर गेल्या गणपतीत काढलेले आजोबांचे फोटो आहेत. आजोबा आता नाहीत. सांगा, कुठलं बटण दाबाल?

'नाही'चं! अगदी डोळे मिटून 'नाही'चं. का, ते पाहू या.

कार्डाचे दोन भाग असतात असं समजा. एका भागात तुमचे फोटो. दुसऱ्या छोट्या भागात त्यांची यादी: कुठल्या नावाचा फोटो कुठल्या जागी आहे. पुस्तकाची अनुक्रमणिका असते ना, तशी. फोटो लिहिला जात असतानाच कार्ड उपसलं किंवा बॅटरी संपली, तर ही यादी अर्धवट राहते. संगणक आधी यादीच वाचतो. ती कळली नाही की तो म्हणतो, "मला हे कार्ड ओळखता येत नाही." पण अनुक्रमणिकेचं पान फाटलं म्हणून पुस्तकातले धडे थोडेच नाहीसे होतात? फोटो बहुतेक वेळा तिथेच असतात. फॉरमॅट करणं म्हणजे नवी कोरी यादी लिहिणं. काही यंत्रं तर त्या वेळी सगळं कार्डच पुसून टाकतात.

मग यादीवाचून फोटो सापडणार कसे? त्यासाठी जरा इतिहासात डोकावू. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला जिंकला. त्या मोहिमेतली पत्रं पुण्याच्या पेशवे दफ्तरात राहिली. तिथे मोडी लिपीतल्या कागदांचे ढीगच्या ढीग, रुमालांत बांधलेले! रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली त्यातले निवडक कागद १९३० पासून पुढच्या काही वर्षांत ४५ खंडांत छापले गेले. आता गंमत बघा. जुन्या पत्राच्या माथ्यावर 'श्री' असे आणि कितीतरी सरकारी पत्रांच्या शेवटी 'लेखनसीमा' असा शिक्का. म्हणजे यादी नसली, तरी पत्र कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, हे कागद पाहूनच जाणकाराला कळे.

फोटोंनाही अशीच 'श्री' आणि 'लेखनसीमा' असते बरं का! संगणक सगळं काही ० ते २५५ या आकड्यांत साठवतो. नेहमीचा जेपेग फोटो २५५, २१६ या जोडीने सुरू होतो आणि २५५, २१७ या जोडीने संपतो. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने लिहिलेला 'फोटोरेक' नावाचा मोफत प्रोग्राम यादीकडे बघतच नाही. तो कार्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचतो आणि अशा खुणा शोधून फोटो वेगळे काढतो. फोटोंची जुनी नावं मात्र परत येत नाहीत. एखाद्या फोटोचे तुकडे दूर-दूर विखुरलेले असतील, तर तो अर्धाच मिळतो.

आता कामाला लागू. आईबाबांना शेजारी बसवा.

१. त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. जुन्या फोटोवर नवा लिहिला गेला, की जुना कायमचा गेला. मोठ्या कार्डाच्या कडेला छोटा खटका असतो, तो 'लॉक'कडे सरकवा.

२. कार्डाचे सोनेरी पट्टे कोरड्या मऊ फडक्याने पुसा. दुसऱ्या रीडरमध्ये, दुसऱ्या संगणकावर लावून बघा. कधी कधी रुसवा कार्डाचा नसतो, रीडरचा असतो!

३. कार्ड दिसतंय, पण उघडत नाही? मग आधी सगळ्या कार्डाची जशीच्या तशी प्रत संगणकावर करा आणि शोधकाम त्या प्रतीवर करा. सापडलेले फोटो संगणकावरच साठवा, त्या कार्डावर नको.

४. दोन-तीन ठिकाणी लावूनही कार्ड दिसतच नसेल, तर आतली चिप बिघडलेली असू शकते. मग घरगुती खटपट पुरे. माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेत विचारा. खर्च बराच येतो, म्हणून आधीच किंमत विचारून घ्या.

आणखी एक. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरारमध्ये कितीतरी घरांत पाणी शिरलं होतं. भिजलेलं कार्ड 'चालतंय का बघू' म्हणून लगेच लावू नका. आधी ते पूर्ण वाळू द्या. पाण्याने फोटो लगेच पुसले जात नाहीत, पण ओल्या कार्डात वीज गेली तर चिप जळू शकते.

कार्ड म्हणजे कपाट नव्हे, ती पिशवी आहे. बाजारातून आणलेली भाजी आपण पिशवीतच ठेवतो का? तसंच फोटोंचं. कार्डातून संगणकावर घ्या आणि तिथून आणखी एका जागी. या रविवारी घरातली जुनी कार्डं शोधून काढा, आजीला शेजारी बसवा आणि एकेक फोटो कुणाचा, कधीचा, ते विचारून वहीत लिहून ठेवा. फोटो परत आणणारा प्रोग्राम आहे, पण त्यातल्या माणसांची नावं फक्त आजीलाच ठाऊक असतात!