साखळीचे दुसरे टोक

वृत्तपत्राच्या पहिल्या पृष्ठावर कुत्र्याविषयी लिहावे, इतकी का शहरात शांतता नांदते आहे, असा प्रश्न आमचे काही वाचक करतील. परंतु ज्यांच्या जिन्यावर वा फाटकापाशी दोन कुत्रे परस्परांवर तुटून पडले आहेत, आणि त्या झटापटीत एखादे मूल किंवा वृद्ध मनुष्य सापडला आहे, ते हा प्रश्न करणार नाहीत. पूर्वी वाड्याच्या अंगणात किंवा मळ्यावर राहणारा कुत्रा आता तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहावयास आला आहे. त्याचे भांडण हे त्याच्या मालकाचे खाजगी प्रकरण उरलेले नाही. ते साऱ्या इमारतीचे झाले आहे.

हकीकत बहुधा एकाच वळणाने जाते. वाढलेला कुत्रा कोणाकडून तरी मागून किंवा रस्त्यावरून उचलून घरी आणला जातो. पहिले काही दिवस तो कोपऱ्यात निमूट बसतो, आणि घरची मंडळी ‘किती गुणी!’ म्हणून त्याचे कौतुक करतात. नव्याचे नऊ दिवस सरतात आणि एके सकाळी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर तो असा झेपावतो की, साखळी धरणाऱ्याचा खांदा निखळावा. मग दोन उपाय सुचविले जातात: एक काठीचा, दुसरा शहराबाहेर नेऊन सोडण्याचा. पहिला उपाय चुकीचा आहे आणि दुसरा निर्दयपणाचा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात जे एकाएकी घडले असे आपण म्हणतो, ते एकाएकी घडलेलेच नसते. पहिल्या दिवसांतील ते मौन शहाणपणाचे नव्हे, भीतीचे होते. घर, माणसे, वास, सारेच अनोळखी असता प्राणी अंग चोरून राहतो. भीड चेपली म्हणजे त्याची खरी वृत्ती बाहेर येते. पिल्लाला आपल्या जातभाईंची नीट ओळख होण्याचे वय साधारणपणे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचे असते, हे स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले. ते दिवस ज्याने एकटेपणात काढले, त्याला दुसरा कुत्रा शत्रूच वाटला तर नवल नाही. त्यातून साखळीने बांधलेल्या प्राण्याला पळून जाण्याची वाट नसते. म्हणून तो हल्ल्याची वाट धरतो. आपल्या शहरांत तर नाक्यानाक्यावर भटक्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, आणि हा नवखा त्यांच्या लेखी घुसखोरच असतो.

मग करावे काय? प्रथम पशुवैद्याकडे जावे. दुखरा कान किंवा ठणकणारा सांधा शांत कुत्र्यासही चिडका बनवितो. नंतर अंतर राखावयास शिकावे. अंग ताठ होणे, तोंड मिटणे, नजर खिळणे ही झेपेपूर्वीची चिन्हे होत. ती दिसण्याआधीच वाट बदलावी. अन्नापूर्वी ठराविक आवाज केला, की पुढे त्या आवाजानेच कुत्र्यास लाळ सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी दाखविले. तेच तत्त्व येथे उपयोगी पडते. आपला कुत्रा शांत राहू शकेल इतक्या दुरून दुसरा कुत्रा दिसला, की प्रत्येक वेळी त्यास आवडीचा घास द्यावा. दुसरा दिसणे म्हणजे संकट नव्हे, खाऊ, हे त्याच्या मनात ठसले म्हणजे मगच पावलापावलाने अंतर कमी करावे. याला आठवडे, कदाचित महिने लागतील. तोवर फिरावयास वर्दळ नसलेली वेळ निवडावी, आणि धापा टाकता येतील व पाणी पिता येईल असे जाळीचे मुसके त्यास हळूहळू सवयीचे करावे. झुंज जुंपलीच, तर मध्ये हात घालू नये. त्या वेळी कुत्रा धन्याचा हातही ओळखत नाही.

काठीच्या कैवाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की, गुरगुरणे ही कुत्र्याची पूर्वसूचना आहे. मारून ते बंद पाडता येते. चावणे मात्र बंद पडत नाही. ते सूचनेवाचून होऊ लागते. शिवाय दुसरा कुत्रा दिसला की आपल्या पाठीत रट्टा बसतो, एवढाच धडा तो शिकतो, आणि त्याचा द्वेष दुणावतो.

शेजाऱ्यांची तक्रार मात्र कोणी हसण्यावारी नेऊ नये. आपल्या प्राण्यापासून मनुष्याच्या जिवास धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असता पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उलट, वाजवी कारणावाचून प्राण्यास उपाशीतापाशी टाकून देणे हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे. कायद्याने मालकास दोन्ही बाजूंनी बांधले आहे, आणि ते योग्यच आहे. टाकून दिलेला कुत्रा नाहीसा होत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या दारी जातो, आणि तेथे त्याच्या तोंडाला मुसके नसते व हाती साखळी धरणाराही कोणी नसतो.

काही कुत्रे इतर कुत्र्यांचे मित्र कधीच होणार नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. मैत्री हे साध्य नव्हेच. दुसऱ्याच्या जवळून मुकाट्याने जाता आले, की पुष्कळ झाले. तेवढेही साधले नाही, तर अनुभवी शिक्षकाचे साहाय्य घ्यावे, किंवा जेथे दुसरा कुत्रा नाही असे जाणत्या माणसाचे घर त्याच्यासाठी शोधावे. आणि देताना त्याचा दोष लपवू नये. ‘कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच’ असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण तो आपण होऊन आपल्या घरी आलेला नाही. त्याला आपण आणले. साखळीच्या एका टोकाला त्याची मान आहे, हे सर्वांस दिसते. दुसऱ्या टोकाला आपला हात आहे, हे विसरता कामा नये.