पंचाला बोलणी, करंडकाला पैसे

यंदा जयंतीनिमित्त आमच्या वस्तीत लहान मुलांचे फुटबॉलचे सामने झाले. पंच होती अकरावीतली एक मुलगी. थ्रो-इनचा चेंडू थेट पुढे उभ्या असलेल्या मुलाकडे गेला, त्याने गोल केला आणि बाहेर एकच ओरड झाली, "ऑफसाइड!" ओरडणाऱ्यांत मीही होतो. तिने गोल दिला. घरी नियमावली वाचली तेव्हा कळले, नियम ११ प्रमाणे थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतोच. पण तोवर पालक तिला इतके टाकून बोलले की मध्यंतरात ती शिट्टी टेबलावर ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. ती म्हणाली, "काका, नियम पाठ आहेत, पण मोठी माणसे ओरडली की काही सुचत नाही."

हिशेबाची वही माझ्याकडेच. मंडप, करंडक, लाउडस्पीकर, सगळ्याला पैसे, पंचाला चहा-वडापाव! पुढच्या वर्षी मानधनाचा रकाना असेल.

फुटबॉलचे नियम अवघे १७. रविवारी वंदनेनंतर विहारात शिकवता येतील. नवशिक्याला आधी रेषेवर झेंडा द्यावा, मग दहा वर्षांखालील मुलांचे सामने. सोबत जाणता पंच हवा. चूक त्याने मध्यंतरात बाजूला घेऊन सांगावी. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात सहायक पंच होत्या. आपल्या मुलींनी तिथवर का जाऊ नये?

ती पुन्हा यायला तयार आहे. अट एकच, पालकांनी दोरीपलीकडे उभे राहावे. दोरी मी आणून ठेवली आहे.

जय भीम.