वाडीवरची शाळा

सह्याद्रीच्या उतारावर वसलेली एखादी वाडी डोळ्यांसमोर आणावी. पंचवीस-तीस घरे, भाताची खाचरे, मारुतीचे एक देऊळ आणि देवळापलीकडे कौलारू छपराची, दोन खोल्यांची शाळा. सकाळी लोखंडी रुळाच्या तुकड्यावर टोला पडला, की घराघरांतून दप्तरे बाहेर निघतात आणि पाच मिनिटांत सारी मुले प्रार्थनेला उभी राहतात. मुले किती? अवघी अकरा. पहिलीत दोन, दुसरीत चार, तिसरीत दोन आणि चौथीत तीन. त्यांना शिकविणारे शिक्षक दोन.

अशा शाळेविषयी एके दिवशी जिल्हा परिषदेच्या सभेपुढे प्रश्न येतो. इतक्या थोड्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा चालवावी, की ती बंद करून मुलांना जवळच्या मोठ्या गावच्या शाळेत पाठवावे? सभागृहात तो विषयपत्रिकेवरील अनेक विषयांपैकी एक असतो. वाडीतील सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने मात्र उद्या शाळेत जावयाचे की घरी बसावयाचे, एवढा मोठा तो प्रश्न असतो.

हा प्रश्न एकट्या वाडीचा नाही. २०२३ साली महाराष्ट्राच्या शिक्षण खात्याने केलेल्या मोजदादीनुसार वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा १४,७८३ होत्या. त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती आणि २९,७०७ शिक्षक शिकवीत होते. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक. यापूर्वी, २०१७ साली, दहाहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून त्यांतील मुलांना दुसऱ्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय जाहीर झाला होता. खेड्यांतील अनेक कुटुंबे पोटासाठी शहरांकडे गेली. घरोघरी मुलांची संख्या घटली. काही पालकांनी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांत घातले. अशा अनेक कारणांनी हे पट उतरत गेले.

कोणत्याही वादात प्रथम पूर्वपक्ष नीट समजून घ्यावा, अशी आपल्याकडील शास्त्रकारांची रीत आहे. शाळा बंद करावी असे म्हणणारे लोक शिक्षणाचे वैरी असतात, असे मुळीच नव्हे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. दोन शिक्षकांना चार इयत्ता सांभाळाव्या लागतात. त्यांतील एक रजेवर किंवा बैठकीला गेला, की साऱ्या शाळेचा भार दुसऱ्यावर पडतो. खो-खोचा सामना खेळावयाचा, तर एका संघाचेच नऊ गडी मैदानात हवेत; अकरा मुलांत समोरचा संघ कोठून आणावा? वाशिम जिल्ह्यातील एका शाळेत २०२३ साली पटावर एकच विद्यार्थी होता. शिक्षक नेमाने येऊन त्याला सारे विषय शिकवीत. त्या शिक्षकाची निष्ठा वंदनीय खरी. परंतु त्या मुलाला मधल्या सुट्टीत खेळावयास सवंगडी नव्हता, हेही तितकेच खरे.

यावर उपाय म्हणून समूह शाळेची कल्पना पुढे आली. आसपासच्या लहान शाळांतील मुले एका ठिकाणी आणावीत, तेथे ग्रंथालय, प्रयोगशाळा व क्रीडांगण असावे, प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक मिळावा, असा तिचा आशय आहे. पुणे जिल्ह्यात पानशेत येथे आणि नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळ येथे अशा शाळा उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांच्या कार्यालयाने इतर जिल्ह्यांकडूनही अशा शाळांचे प्रस्ताव मागविले. कल्पना टाकाऊ नाही. सोयी चांगल्या असतील, येण्याजाण्याची निश्चिती असेल आणि पालक राजी असतील, तर तिचा स्वीकार करण्यात काहीच वावगे नाही.

परंतु येथेच उत्तरपक्षास प्रारंभ होतो. शाळेचा विचार करताना पट मोजला जातो, तसे अंतरही मोजावयास हवे. आणि ते नकाशावर पट्टी ठेवून नव्हे, तर सहा वर्षांच्या मुलाच्या पावलांनी मोजावयास हवे. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारी वाट प्रत्यक्षात एक डोंगरसोंड चढून उतरते आणि मध्ये एक ओढा ओलांडते. वैशाखात त्या ओढ्यात वाळू असते. आषाढात त्याच ओढ्याला छातीभर पाणी येते. चौथीतला धिटुकला मुलगा कदाचित ती वाट तुडवील. पहिलीतल्या मुलाला मात्र कोणीतरी पोहोचवावे लागेल. आई-बाप दिवस उगवताच मजुरीला गेलेले; मग पोहोचविणार कोण? पुष्कळदा हे काम थोरल्या बहिणीच्या वाट्याला येते, किंवा धाकट्याची शाळाच सुटते. आणि वाट निर्जन असेल, तर सर्वांत आधी घरी बसते ती मुलगी. शाळा बंद झाल्याची नोंद दप्तरात होते. परंतु तिच्यामुळे कोणाचे शिक्षण थांबले, याची नोंद क्वचितच सापडते.

म्हणूनच कायद्याने अंतराला महत्त्व दिले आहे. मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा संसदेने २००९ साली केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तीन किलोमीटरच्या आत असावी. जेथे तसे करणे शक्य नाही, तेथे मुलांच्या वाहतुकीची किंवा निवासाची सोय करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. जवळची शाळा ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तो मुलाचा हक्क आहे.

थोड्या मुलांसाठी एवढा खर्च परवडत नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. हा आक्षेप नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मुलांना बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली, तेव्हा सरकारने ती मनावर घेतली नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक कायदेमंडळात मांडले, तेव्हाही पैशाची अडचण पुढे करण्यात आली आणि १९१२ साली ते विधेयक फेटाळले गेले. मात्र ज्यांनी मनावर घेतले, त्यांना मार्ग सापडला. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानात लागू केला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. एके काळी मूल शाळेत यावे म्हणून राजाने पालकाला दंड केला. आज मूल शाळेत येण्यास तयार असता शाळाच त्याच्यापासून दूर न्यावयाची, हा न्याय उलटा ठरेल.

शिवाय, लहान पट म्हणजे मरणपंथाला लागलेली शाळा, असेही मानण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात जालिंदरनगर येथे जिल्हा परिषदेची शाळा आहे. २०२२ साली तिच्या पटावर अवघी तीन मुले उरली होती. केवळ आकडा पाहिला असता, तर तिच्या दाराला कुलूपच लागावयाचे. परंतु शिक्षक आणि ग्रामस्थ यांनी मिळून ती शाळा उभी केली. थोड्याच वर्षांत पट शंभरावर गेला आणि २०२५ साली उत्तम शाळांसाठीच्या एका जागतिक स्पर्धेत लोकमताने दिले जाणारे पारितोषिक तिने मिळविले. प्रत्येक शाळेच्या नशिबी असे यश येईलच, असे नाही. परंतु आजचा पट हा उद्याचा निकाल नव्हे, एवढे यावरून निश्चित कळते.

मुलांना स्वतःला या प्रश्नाविषयी काय वाटते, तेही एकदा दिसून आले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात दरेवाडी ही धरणग्रस्तांची वस्ती आहे. २०२२ साली तेथील शाळा बंद झाली, तेव्हा मुले बकऱ्या बरोबर घेऊन जिल्हा परिषदेवर मोर्चाने गेली. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’ हे त्यांचे मागणे होते. शाळा नसेल तर बकऱ्या राखण्यावाचून दुसरे काय उरते, हा त्याचा अर्थ. त्या चार शब्दांत जे सामावले होते, ते लांबलचक अहवालातही क्वचित आढळते.

मग जिल्हा परिषदेने करावे तरी काय? प्रथम, सदस्यांपैकी काहींनी पावसाळ्यातील एका सकाळी मुलांबरोबर ती वाट पायी चालून पाहावी. दुसरे, शाळा व्यवस्थापन समितीचे म्हणणे ऐकून घ्यावे. कायद्याप्रमाणे या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. मुलाला रोज पाठविणारी आई जे जाणते, ते कचेरीतील कागद जाणत नाही. तिसरे, पहिली-दुसरीची मुले शक्यतो वाडीवरच शिकू द्यावीत. थोरल्यांना एकत्र आणावयाचे असेल, तर गाडी, तिचा चालक आणि त्यासाठी लागणारा पैसा यांची तरतूद अगोदर व्हावी. आधी गाडी, मग कुलूप, हा क्रम सोडता कामा नये. चौथे, जेथे शाळा राहील, तेथील मुले एकाकी पडू नयेत म्हणून आसपासच्या चार-पाच शाळांनी आठवड्यातून एक दिवस एकत्र यावे. खेळ, गाणी व प्रयोग एकत्र करावेत. आणि जेथे खरोखरच एकही मूल उरले नाही, तेथे शाळा बंद करण्यास कोणी हरकत घेऊ नये.

हिशेब ठेवणे हा कारभाराचा धर्म आहे आणि जनतेचा पैसा जपून खर्चिला पाहिजे, यात शंका नाही. परंतु हिशेबाच्या वहीत अकरा हा एक लहान आकडा असतो; प्रार्थनेच्या रांगेत मात्र ती अकरा वेगवेगळी मुले असतात. त्यांपैकी एकाचेही शिक्षण सुटले, तर तेवढ्यापुरता तो निर्णय चुकला, असेच म्हणावे लागेल. निर्णय करणाऱ्यांनी वहीत सही करण्यापूर्वी त्या रांगेसमोर एकदा उभे राहावे.