घरगुती विज्ञान : सुरू न होणारा लॅपटॉप



एलातच्या किनाऱ्याला लागणारा तांबडा समुद्र अरबस्तानाच्या कडेने दक्षिणेस उतरत जातो. त्याच काठावर, जेद्दाच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवर, ‘किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटी’ हे नवे शहर वसविण्याची घोषणा सौदी अरेबियाने २००५ साली केली. आज तेथे बंदर आहे, मोटारींचा कारखाना आहे आणि मक्का-मदिना रेल्वेचे स्थानकही आहे. वाळवंटाची धूळ, समुद्राचा दमटपणा आणि उन्हाळ्यात चाळिशी गाठणारा पारा हे लॅपटॉपचे तिन्ही वैरी तेथे एकत्र नांदतात. आपल्या अश्दोदला दमटपणा व बीरशेबाला धूळ असल्यामुळे तेथील हवेचा धडा आपल्याही उपयोगी पडावा.

बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालविण्यासाठी बनविलेले असतात. उन्हात उभ्या मोटारीत तापलेले यंत्र सुरू झाले नाही, तर ते सावलीत निवू द्यावे. याउलट, वातानुकूलित खोलीतील गार यंत्र दमट हवेत नेताच त्यावर, आणि आतही, दव जमू शकते. असे यंत्र तासभर तसेच ठेवून मगच त्याची कळ दाबावी.

एवढ्यानेही काम न झाल्यास, सुरुवात नेमकी कोणत्या पायरीवर अडते ते पाहावे.

पहिली पायरी विजेची. दिवाच लागत नसेल तर दुसरा सॉकेट, शक्य तर त्याच जातीचा दुसरा चार्जर लावून पाहावा. मग चार्जर व इतर सर्व जोडण्या काढून चालू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी. आत अडकलेली वीज निघून गेल्यावर पुष्कळ यंत्रे चार्जर लावताच उठतात. बॅटरी फुगून तळ वर आला असेल, तर मात्र तिला हात न लावता व चार्ज न करता कारागिराकडे न्यावे.

दुसरी पायरी पडद्याची. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, अशा वेळी अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च धरावा. पुसट चित्र दिसल्यास बिघाड केवळ पडद्यामागील प्रकाशाचा असतो. एचडीएमआय तारेने टीव्ही जोडूनही हीच परीक्षा होते. यंत्र ‘बीप’ असा आवाज करीत असेल तर ते आवाज मोजून ठेवावेत. त्यांचा अर्थ उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

तिसरी पायरी विंडोजची. कंपनीचे चिन्ह दिसून पुढे सारे थांबते किंवा बिघाडाचा पडदा येतो. लागोपाठ दोनतीन वेळा असे झाल्यास विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखविते. तेथे प्रथम ‘स्टार्टअप रिपेअर’, नंतर ‘सेफ मोड’ वापरावा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलीमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातील विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. तरीही ती यंत्रे मेलेली नव्हती. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढताच ती पूर्ववत झाली.

‘रिसेट’ मात्र घाईने करू नये. त्यातील ‘सर्व काढून टाका’ हा पर्याय निवडला, तर कोकणातल्या घराची छायाचित्रे, जुनी कागदपत्रे आणि वडीलधाऱ्यांच्या आवाजातील गाणी कायमची जातात. यंत्र नवे मिळेल, तो आवाज पुन्हा मिळणार नाही. हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल तर यंत्र लगेच बंद करावे. पुढचा प्रत्येक प्रयत्न नुकसान वाढवितो.

म्हणून यंत्र धडधाकट असतानाच दोन गोष्टी कराव्यात. सर्व ठेव्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती दुसऱ्या घरी, लेकीकडे वा भावाकडे, ठेवावी. आणि आपल्या यंत्रात बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून जपावी. ती हरवली तर निष्णात कारागीरही हात टेकतो.