दोन अधोल्या



गेल्या आठवड्यात स्वाध्यायानंतर चहा घेत बसलो होतो. एकीने मोबाइलवरून साडी मागवली होती, आली ती भलतीच. त्यावरून विषय निघाला आणि एक वहिनी म्हणाल्या, "आपल्या आजी-पणजीच्या काळी व्यवहार किती स्वच्छ होता नाही? शब्दावर धान्य द्यायचं, शब्दावर परत यायचं. सही नाही, पावती नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण घरी येईपर्यंत मनात टोचत राहिलं, कारण आमच्या माळ्यावर दोन अधोल्या आहेत.

ज्यांनी अधोली पाहिलेली नाही अशा मुलींसाठी सांगते. किलो यायच्या आधी आपल्याकडे धान्य तोलत नसत, मापाने मोजत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. अधोली म्हणजे अर्धी पायली, दोन शेरांचं माप. मोजताना पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं आणि मग दोन, तीन असं पुढे जायचं. माझ्या सासूबाई आजही तांदूळ मोजताना "लाभ" म्हणतात.

तर या दोन अधोल्या. दोन्ही लोखंडी, उंची सारखी, तोंड सारखं. पण एकीचं बूड खालून ठोकून आत घेतलेलं. बाहेरून बघून कुणाला कळणार नाही. मागच्या दिवाळीला माळा साफ करताना मला कळलं ते हात आत घातल्यावर. मग मी दुसरी अधोली शाळूने काठोकाठ भरली आणि या ठोकलेल्या अधोलीत ओतली. ती भरून जवळजवळ एक चिपटं शाळू माझ्या ओट्यावर सांडला.

सासूबाईंना विचारलं. त्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. म्हणाल्या, "ती द्यायची, ही घ्यायची." एवढंच. मी म्हटलं, "म्हणजे आई, खोटं माप?" तर म्हणाल्या, "खोटं कसलं गं. तवा समद्यांच्याच घरात तसं असायचं."

त्या रात्री मी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. पेरणीच्या तोंडाला गरजवंत बाई दारात यायची, बियाण्याला किंवा पोटाला एक मण जोंधळा न्यायची. ठरलेली रीत सवाईची. म्हणजे सुगी झाली की मणाला सव्वा मण परत. काही घरांत दिढी, मणाला दीड मण. आता एका मणात चोवीस अधोल्या. प्रत्येकीत एक चिपटं कमी, म्हणजे चोवीस चिपटी कमी, म्हणजे सहा शेर, म्हणजे दीड पायली. बाई घरी घेऊन गेली साडेदहा पायल्या. परत आणल्या पंधरा पायल्या, त्याही चांगल्या अधोलीने मोजून. नाव सवाईचं आणि वसुली जवळजवळ दिढीची. वर घेताना शीग लावून घेतली तर विचारूच नका. शीग म्हणजे मापाच्या काठावर राहणारा धान्याचा ढीग. द्यायचं ते हात फिरवून सपाट, घ्यायचं ते शिगेने, हा प्रकार तर वेगळं माप नसलेल्या घरांतही चाले.

सवाईला मी नावं ठेवत नाही, हे आधी सांगते. काही जणी लगेच सावकारी म्हणून नाक मुरडतात. पण आषाढात धान्य महाग असतं, सुगीत ते उतरतं. आषाढातल्या मणाची किंमत आणि माघातल्या सव्वा मणाची किंमत यांत कित्येकदा फारसा फरक नसायचा. जोखीमही देणाऱ्याची. पाऊस गेला तर बुडालंच. शिवाय सवाई म्हणजे किती हे नेणारीला ठाऊक होतं आणि ती कबूल होऊन नेत होती. ठोकलेलं बूड तिला ठाऊक नव्हतं. फरक इथे आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती लिहायलाच हवी, नाहीतर आमच्या घरावर अन्याय होईल. याच घरातले पुरुष गुळाच्या गाड्या भरून पेठेला जायचे तेव्हा काय होत होतं?

आपल्या कोल्हापूर-सांगली भागातला जैन समाज मुळात शेतकरी, हे बाहेरच्यांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. त्यांना वाटतं जैन म्हणजे दुकान. आपण ऊस, हळद, तंबाखू पिकवणारी माणसं. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाला मोठा बाजार मिळाला. पुढे १९१७ मध्ये जयसिंगपूर वसलं. गाडीभर माल एका दिवसात रोख पैशांत विकता येऊ लागला, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. कारण रोकड लागायचीच. सारा रोखीत, कापड रोखीत, रॉकेल-काड्यापेट्या रोखीत. त्यामुळे गुऱ्हाळ उठलं की लगेच माल विकायचा, भाव पडलेला असला तरी. थांबायला ज्याच्या घरात पैसा होता तोच थांबायचा.

पेठांमधला सौदा कसा व्हायचा माहीत आहे? तेव्हाच्या बाजारांत रुमालाखाली भाव करण्याची पद्धत सर्रास होती. दलाल आणि खरेदीदार एका फडक्याखाली हातात हात घेत आणि बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा. त्याला फक्त फडकं हलताना दिसायचं. किती बोटं दाबली, पहिला भाव काय होता, शेवटी काय झाला, काही कळायचं नाही. आणि दलाल राहायचा पेठेत, रोज भेटणाऱ्या व्यापाऱ्याच्या शेजारी. वर्षातून दोनदा येणाऱ्या शेतकऱ्यासाठी तो कितीसा भांडणार?

मग हातात पडायची हिशेबपट्टी. आमच्या पणजेसासऱ्यांच्या पेटीत अशी एक पट्टी सापडली. मोडीत आहे, मोडी वाचणाऱ्या एका काकांकडून वाचून घेतली. वर गुळाचे रवे आणि भाव. खाली कापलेल्या रकमा: अडत, तोलाई, हमाली, वटाव आणि सगळ्यात शेवटी धर्मादाय.

त्या शेवटच्या शब्दावर मी थांबले. धर्मादाय म्हणजे देवळासाठी, गोशाळेसाठी, पाठशाळेसाठी विकणाऱ्याच्या पैशांतून कापून घेतलेली रक्कम. देशभरच्या बाजारांत ही कपात चालायची. १९२८ मध्ये शाही शेती कमिशनचा अहवाल आला, त्यात बाजारातल्या अशा कपातींवर आणि मापा-वजनांतल्या गोंधळावर टीका आहे. पुढे मुंबई इलाख्यात १९३२ मध्ये वजनमापांचा आणि १९३९ मध्ये शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. आपल्यातली बरीच गावं तेव्हा संस्थानांत होती, त्यामुळे इलाख्यातला कायदा आपल्या दारात आपोआप आला असं नव्हे.

मी विचार करते तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या धर्मादायाचं दान कुणाच्या नावावर जमा झालं? पावती पेढीच्या नावाची, पाटीवर नाव पेढीचं, आणि पैसा एका शेतकऱ्याचा, ज्याला कुणी विचारलंही नाही. आपल्या शास्त्रात दान म्हणजे स्वतःच्या मालकीचं सोडणं. दुसऱ्याच्या मालकीचं सोडलं तर त्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. पेढ्यांवर आपले धर्मबंधूही बसलेले असत, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पेठेतून असा नाडलेला माणूस घरी यायचा आणि त्याच्या घरात दारात आलेल्या बाईला ठोकलेल्या अधोलीने जोंधळा मोजला जायचा. दोन्ही खरं आहे. आपण पहिली गोष्ट मुलांना सांगतो, दुसरी सांगत नाही.

दारातला सगळा व्यवहार बायकांच्या हातात होता, हे विसरू नका. पेठ पुरुषांची, रोकड पुरुषांची. बाईचा पैसा म्हणजे कणगीतलं धान्य. बुरडीण सूप घेऊन आली, कुंभारीण गाडगी घेऊन आली, कासार बांगड्या भरायला बसला, भाजीवाली माळीण आली, की घरातली बाई आत जाऊन धान्य आणायची आणि मोजून द्यायची. बलुतेदारांचं खळ्यावरचं देणं पुरुष बघत, पण मागाहून सणावाराला जे द्यायचं ते बायकाच देत. म्हणजे माप आजेसासूबाईंच्या हातात होतं.

मी सासूबाईंना तेही विचारलं. "आजींना ठाऊक होतं?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ठावं नसंल व्हय? पर माप बदलायचं तिच्या हातात न्हवतं. मोजून झालं की ती वरनं दोन पसं घालायची. काय न बोलता."

दोन पसे, म्हणजे दोन ओंजळी. त्या बायका तिला फार मानायच्या म्हणे. "आक्काचा हात मोठा" असं म्हणायच्या, आशीर्वाद द्यायच्या, तिच्या आजारपणात येऊन पाय चेपून जायच्या.

मी आजेसासूबाईंना पाहिलेलं नाही, पण त्या दोन पशांवर माझा जीव आहे. १९२० च्या सुमारास लग्न होऊन आलेली पोर, सासऱ्यासमोर तोंड उघडायची सोय नाही, तिने तिला जमेल ते केलं. तरीही मैत्रिणींनो, हिशेब सोडवत नाही. कमी पडलेली चोवीस चिपटी, आणि वर घातलेले दोन पसे. त्या बाईचंच धान्य तिला परत देऊन आमच्या घराने तिचा आशीर्वाद घेतला. पेठेतला धर्मादाय आणि दारातले पसे, दोन्हींत मला एकच गोष्ट दिसते. फरक इतकाच की पसे घालणारीला आतून लाज वाटत होती.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक आहे हीनाधिक मानोन्मान. मान म्हणजे पायली-शेरासारखी मापं, उन्मान म्हणजे तराजू-वजनं. देताना कमी, घेताना जास्त. त्याच्या पुढचाच अतिचार प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे चांगल्यात खोटं मिसळून विकणं. किती शतकांपूर्वी लिहिलेलं आहे हे! आचार्यांना आमची अधोली दिसली होती की काय असं वाटतं. आपण ही पाच नावं पाठशाळेत पाठ केली, परीक्षेत लिहिली, मार्कही मिळाले. पण पाणी गाळताना जितक्या काळजीने गाळणं तपासतो, तितक्या काळजीने माप तपासायला आपल्याला कुणी शिकवलं नाही. अहिंसा स्वयंपाकघरात आली आणि अचौर्य ग्रंथातच राहिलं. कंदमूळ चुकून पोटात गेलं तर आपण प्रायश्चित्त घेतो. कामवालीचे दोन खाडे जास्त धरले तर?

हे सगळं त्या स्वाध्यायात बोलायचं धाडस मला झालं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. आणि लिहिण्याआधी स्वतःचं घर तपासावं म्हणून एक गोष्ट केली.

आमचं महिला मंडळ शेंगदाण्याची चटणी आणि हळद पाकिटात भरून विकतं, तुम्ही घेतलीच असेल. पाकिटावर अर्धा किलो लिहिलेलं. माझ्या घरातली चार पाकिटं मी काट्यावर ठेवली. एकही पाचशे भरलं नाही. एक तर चारशे ऐंशी. आणि त्या दिवशी पाकिटं भरायला मीच बसले होते, चमच्याने अंदाजाने. मुद्दाम केलं नव्हतं. पण अंदाज चुकला तो चारही वेळा आमच्या फायद्याच्या बाजूला, याचं मला नवल वाटतं. अध्यक्षीणबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "अगं, वीस ग्रॅमने काय होतंय, नफा तर बस्तीच्या जीर्णोद्धारालाच जातो ना." मला तिथे धर्मादाय आठवला. तसं बोलले नाही, पण नवा काटा घ्यायचा आग्रह धरला आणि त्या कबूल झाल्या.

तर येत्या रविवारी प्रक्षाळ-पूजेनंतर बस्तीच्या आवारात मी काटा घेऊन बसणार आहे. ज्यांनी दशलक्षणापासून पाकिटं नेली असतील आणि फोडली नसतील, त्यांनी घेऊन यावं. जितकं कमी भरेल तितकं भरून देऊ. फोडलेल्यांनीही यावं, त्यांना अंदाजाने देऊ, पण या वेळी अंदाज तुमच्या बाजूचा. ठोकलेली अधोलीही आणते आहे. सासूबाई आधी नको म्हणाल्या, मग काल रात्री त्यांनीच ती चिंचेने घासून ठेवली.