आमचा संगणक रुसतो

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरातली प्रत्येक वस्तू जागची हलते, आणि या हलवाहलवीचा सूड एखादी वस्तू पुढे कधीतरी उगवतेच. पूर्वी हा मान भिंतीवरच्या घड्याळाचा असे. गेल्या दिवाळीनंतर तो आमच्या संगणकाने पटकावला.

संगणक मांडीवरचा नव्हे, टेबलावरचा. वय वर्षे सात. एप्रिल महिन्यापासून त्याने नवाच परिपाठ सुरू केला. काम ऐन रंगात यावे आणि महाराजांनी ना सूचना, ना निरोप, एकदम डोळे मिटावेत. पडदा काळा, पंख्याची घरघर बंद, आणि मी अर्ध्या वाक्यावर बोट धरून बसलेला!

घरात निदानाला तोटा नव्हता. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्ही त्याच्यापुढून उठतच नाही, तो तरी काय करील बिचारा?" चिरंजीवांनी "व्हायरस" असा एका शब्दात निकाल देऊन नव्या संगणकाच्या किमतीही सांगून टाकल्या. वीजखात्यातून निवृत्त झालेल्या शेजारच्या नानांना प्रत्येक रोगाचे मूळ विजेच्या दाबात दिसते. आणि अस्मादिक मराठीचे प्राध्यापक. आम्ही यंत्राला केवळ शब्दांनी बडवून काढले.

हे सारे हसण्यावारी गेले असते. पण या यंत्रात मी आईच्या ओव्या उतरवून घेत होतो. आईचे वय ब्याऐंशी. वाईजवळच्या खेड्यात आजीबरोबर जात्यावर बसून शिकलेल्या ओव्या ती रोज दुपारच्या चहानंतर सांगे आणि मी टंकून घेई. मे महिन्यातल्या एका दुपारी तिला असा काही सूर लागला, की एकामागून एक अकरा ओव्या आल्या. मध्येच थांबवले तर धागा तुटेल म्हणून मी मजकूर जतनही केला नाही. साध्या नोटपॅडवर लिहीत होतो. बारावी सुरू झाली आणि पडदा काळा झाला.

"आई, पुन्हा सांगतेस?"

तिने सांगितल्या. नऊ आठवल्या. उरलेल्या दोघींसाठी ती बराच वेळ डोळे मिटून बसली, हात नुसताच गोल फिरवीत राहिली. मग म्हणाली, "हातात खुंटा असता तर आल्या असत्या रे."

दुसऱ्या दिवशी डबा उचलून मी एका दुकानात नेला. तिथल्या गृहस्थांनी झाकणही न उघडता सांगितले, "मदरबोर्ड गेला. नवीन घ्या." परतताना जिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. परीक्षेत व्याकरणाच्या प्रश्नाला बगल देणारा हा मुलगा आता संगणक दुरुस्त करतो. तो म्हणाला, "सर, आधी उघडायचं नाही, आधी विचारायचं. किती वेळाने बंद पडतो? सकाळी की दुपारी? लगेच सुरू केला तर किती टिकतो?"

मी उत्तरे देऊ लागलो आणि माझे मलाच उमगत गेले. सकाळी तासभर चाले, दुपारी वीस मिनिटे. लगेच सुरू केला तर पाच मिनिटांत पुन्हा मान टाकी. अर्धा तास विसावला की पूर्ववत. त्याच बोर्डावरचा दिवा मात्र कधी मिणमिणला नव्हता. म्हणजे नानांचे निदान बाद.

संगणकाच्या नोंदवहीत प्रत्येक वेळी 'कर्नेल-पॉवर 41' अशी नोंद सापडली. तिचा अर्थ इतकाच, की यंत्र रीतसर बंद झाले नाही. का, ते ती सांगत नाही. मग त्याने विंडोज सुरूच होऊ न देता बायोसचा पडदा उघडला. तिथे प्रोसेसरचे तापमान दिसते. आकडा 70 अंशांवरून 80, 90 असा चढत गेला आणि शंभरीच्या उंबरठ्यावर यंत्र बंद! विंडोज नसतानाही बंद पडले, म्हणजे चिरंजीवांचा व्हायरसही निर्दोष सुटला.

"सर, तो बिघडून बंद पडत नाही. जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो."

झाकण उघडले तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, धातूच्या पातळ पात्यांमध्ये धुळीचा गोधडीसारखा थर बसलेला. पात्यांना उष्णता पोचवणारा लेप वाळून खडू झालेला. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आम्हीच हा डबा टेबलाच्या बंद कप्प्यात, भिंतीला पाठ लावून कोंबला होता. वर जुन्या साडीचा झालरवाला अभ्रा! घर स्वच्छ दिसावे म्हणून आम्ही त्याचा श्वासच कोंडला होता.

पुढचे काम तासाभराचे. वायर काढायची, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशाने धूळ काढायची. जुना लेप पुसून वाटाण्याएवढा नवा लावायचा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात वीज साठून राहते. तापमान ठीक असूनही यंत्र बंद पडत असेल, तर हीच पेटी, सैल वायर किंवा मेमरीची पट्टी यांच्यावर संशय घ्यावा. आणि ते काम जाणत्याकडे द्यावे.

डबा आता मोकळ्या हवेत उभा असतो. दिवाळीच्या साफसफाईत या वर्षी त्याचाही नंबर लागला. आणि ओव्यांच्या दोन प्रती आहेत: एक पेनड्राइव्हवर, एक बहिणीच्या घरी. वाचकहो, यंत्र दुरुस्त करण्याआधी करायचे पहिले काम हेच होते. मला ते शेवटी सुचले.

पंखा आता हलका फिरतो. आई अजून दुपारी माझ्याजवळ येऊन बसते. वहीत त्या दोन ओव्यांची जागा मी कोरी ठेवली आहे.