शून्याचें स्तोम

अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत ‘नो-हिटर’ या शब्दाभोंवतीं जी भाविकता जमली आहे, तिच्याविषयीं दोन शब्द परखडपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. ज्या पिचरनें, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानें, निदान ९ डाव प्रतिपक्षाला फटका मारून बेस गांठूं दिला नाहीं, त्याचें नांव कायमच्या यादींत चढतें. शेवटच्या क्षणीं एक जरी हिट पडली तरी सारें पुण्य खलास! या हिशोबास आमचा आक्षेप आहे.

२६ मे १९५९ रोजीं मिलवॉकी येथें पिट्सबर्गच्या हार्वे हॅडिक्सनें काय केलें तें वाचकांनीं पाहावें. १२ डाव, ओळीनें ३६ फलंदाज, आणि त्यांतील एकालाही पहिला बेस लाभला नाहीं. परंतु त्याच्या सोबत्यांना धांव काढतां येईना. तेराव्या डावांत एका क्षेत्ररक्षकाच्या चुकीनें फलंदाज बेसवर गेला, ॲडकॉकचा फटका बसला, आणि हॅडिक्सचा संघ १–० असा हरला. प्रतिपक्षाच्या ल्यू बर्डेटनें १२ हिट दिल्या होत्या, विजय त्याचा! येथवर दैवाला बोल लावून गप्प बसतां आलें असतें. पण १९९१ सालीं एका अधिकृत समितीनें नो-हिटरची व्याख्या नव्यानें ठरविली, आणि सामना संपेपर्यंत हिट पडतां कामा नये या कलमाखालीं हॅडिक्सचें नांव यादींतून पुसून टाकलें. ज्यानें ९ डावांचें काम चोख करून वर आणखी ३ डाव तसेच काढले, त्याला ९ डावांच्या मानास अपात्र ठरविणारी ही न्यायबुद्धि कोणत्या शाळेंत शिकवितात?

नियम म्हटला कीं कोठें तरी रेघ ओढावीच लागते, असें यावर उत्तर येईल. रेघेस आमची ना नाहीं. यादी करणारांनीं ती खुशाल करावी. पण तीच कर्तृत्वाची मोजपट्टी मानली म्हणजे काय अनर्थ होतो पाहा. ६ मे १९९८ रोजीं शिकागो कब्जच्या केरी वुड या २० वर्षांच्या पोरानें ह्यूस्टनविरुद्ध २० वेळां स्ट्राइकआउट साधला, आणि एकही वॉक दिला नाहीं. हिट पडली ती एकच. तीही तिसऱ्या बेसवरील रक्षकाच्या हातमोज्यास चाटून गेलेली. उलट २५ जून २०१० रोजीं ॲरिझोनाच्या एडविन जॅक्सननें नो-हिटर मिळविला तो १४९ चेंडू टाकून आणि ८ वॉक, म्हणजे ८ वेळां बेस फुकट वाटून! बिल जेम्स यांनीं बाद, स्ट्राइकआउट, हिट, वॉक या सर्वांचा जमाखर्च मांडून ‘गेम स्कोअर’ नांवाची जी पद्धति बसविली, तीप्रमाणें वुडला १०५ आणि जॅक्सनला ८५ गुण पडतात. यादींत मात्र जॅक्सन आहे, वुड नाहीं.

त्याच जून महिन्याच्या २ तारखेस डेट्रॉइटच्या अर्मांडो गलारागानें २६ फलंदाज ओळीनें बाद केले. सत्ताविसावाही उघड बाद होता. पण पंच जिम जॉइस यांनीं त्याला नाबाद ठरविलें. चित्रफीत पाहतांच जॉइस यांनीं साश्रु नयनांनीं चूक कबूल केली, गलारागा नुसता हंसला, आणि खेळाच्या आयुक्तांनीं निर्णय फिरविण्याचें नाकारलें. (या प्रकरणांत थोर कोण आणि खुजा कोण, हें सांगावयास नकोच.) २०१४ पासून चित्रफितीवरून असे निर्णय बदलतां येतात. म्हणजे २०१० सालीं जो पराक्रम अपुरा, तोच चार वर्षांनीं पुरा ठरला असता! चेंडू तेच, हात तोच, फक्त पंचांची सोय बदलली.

टोरोंटोच्या डेव्ह स्टीबची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९८८ च्या सप्टेंबरांत लागोपाठ दोन सामन्यांत शेवटच्या फलंदाजाच्या शेवटच्या स्ट्राइकवर येऊन त्याचा नो-हिटर हुकला. १९८९ सालीं नवव्या डावांत दोन गडी बाद झाल्यावर पुन्हां तेंच. अखेर २ सप्टेंबर १९९० रोजीं क्लीव्हलंड येथें ४ वॉक देऊन त्याला तो मिळाला, आणि यादीवाल्यांनीं त्याचें अभिनंदन केलें. त्या दिवशीं स्टीबच्या हातांत असें कोणतें नवें कौशल्य आलें होतें, तें या मंडळींनीं एकदां आम्हांस समजावून सांगावें.